चाळीस ‘नाही’, एक ‘हो’

शनिवारची शाळा सकाळची असते. अकराला पोरं सुटली की जेवणं उरकून दीड वाजता सातवीच्या खोलीत आम्ही मोठे जाऊन बसायचो. बाक लहान आणि आमचे गुडघे मोठे. ही कृषी खात्याची शेतीशाळा होती, पऱ्हाटीची, म्हणजे कपाशीची. वलगावहून नऊ किलोमीटर आत असलेल्या आमच्या बोरखडीत अशी शाळा याआधीही भरली होती. पण तेव्हाचे साहेब माहितीपत्रक वाचून दाखवायचे, आम्ही चहा प्यायचो आणि सही करून घरी यायचो. यंदा रश्मी मॅडम आल्या. वय पंचवीस-सव्वीस, पाठीवर लॅपटॉपची पिशवी, येणं स्कूटीवर. पहिल्याच शनिवारी त्या म्हणाल्या, “सगळ्यांनी आपापले मोबाइल बाहेर काढा.” आम्हाला वाटलं, जमा करून घेणार. दोघा-तिघांनी तर ते खिशात आणखी खोल ढकलले.

पण झालं वेगळंच. शाळेच्या प्रोजेक्टरमधून भिंतीवर एक आकडा आला. तो आकडा मोबाइलमध्ये टाकायचा, खाली आपलं नाव टाकायचं, की ते नाव भिंतीवर उमटायचं. मग प्रश्न. भिंतीवर प्रश्न आणि चार उत्तरं, लाल, निळं, पिवळं, हिरवं; मोबाइलवर नुसते चार रंग. वीस सेकंदांत बरोबर रंग दाबला तर मार्क, आणि जितकं लवकर दाबलं तितके जास्त. मागे संगीत वाजत राहायचं आणि शेवटच्या पाच सेकंदांत ते असं घाईला यायचं की आयुष्यभर बैल हाकलेला माणूसही भलताच रंग दाबून बसावा. वेळ संपली की कोणत्या उत्तराला किती जण, त्याचे उभे दांडे भिंतीवर चढायचे आणि शेवटी पहिल्या पाचांची नावं यायची. एक्केचाळीस मोबाइल होते खोलीत. नाव आलं की मागच्या बाकावरून शिट्टी यायची. मी खरं सांगतो, एवढी मजा मला माझ्या लग्नातही आली नव्हती.

पहिल्या शनिवारी पहिलं नाव आलं ते ‘वामनराव’.

वामनराव म्हणजे माझे चुलते. आमच्या घरांची मधली भिंत एक आणि वावरांचा मधला बांध, धुरा, तोही एक, त्यामुळे त्यांच्याकडचं मला न विचारता कळतं. काका पासष्टीचे, अंगाने उंच, रागाने त्याहून उंच. मोबाइल त्यांचा होता, पण बोटं नांगर-डवऱ्याने अशी दगड झालेली की काचेला ती लागतच नसत. दाबून दाबून काका लाल झाले, पण रंग काही लागेना. म्हणून त्यांनी सुनेला सोबत आणलं होतं. रूपाली वहिनी पातूरकडची. तिचे वडील वांगी-टोमॅटो करतात, त्यामुळे पानामागची कीड बघायची सवय तिला माहेरचीच. डोक्यावर पदर, काकांच्या बाजूच्या बाकावर अर्धी टेकलेली, मांडीवर काकांचा मोबाइल.

पहिले दोन प्रश्न काकांनी उत्तर सांगितलं आणि तिने दाबलं. दोन्ही चुकले. तिसऱ्याला भिंतीवर चार किड्यांची चित्रं आली. यातला आपला मित्र कोणता, असा प्रश्न. काका म्हणाले, “थांब, इचार करू दे.” तोवर वहिनीने ढालकिड्याचा हिरवा रंग दाबलाही होता. भिंतीवर बरोबर आलं. काकांनी तिच्याकडे पाहिलं, मग भिंतीकडे, मग आम्हा सगळ्यांकडे असं पाहिलं की जसं काही त्यांनीच तिला कानात सांगितलं होतं. त्यानंतर ते विचार करायला थांबले नाहीत. ताठ बसायचे आणि नाव आलं की मान हलवायचे.

पाच शनिवार झाले, पाचही वेळा पहिलं नाव वामनराव. हॉटेलात काकांचा चहा दुसरे देऊ लागले. कोणाच्या पऱ्हाटीला लाल्या आला, कोणाची पाती गळाली, लोक काकांना विचारायला येत, आणि काका “संध्याकाळी सांगतो” म्हणत आणि घरी येऊन भाकरी थापणाऱ्या वहिनीला आडून आडून विचारत. भिंतीपलीकडून मला सगळं ऐकू यायचं. हसू दाबायला मी तोंडात टॉवेल धरायचो.

आमचं वर्गातलं अभ्यासाचं तंत्रही तोवर पक्कं झालं होतं. मी काकांच्या बरोबर मागे बसायचो. वहिनी दाबायची, मी बघायचो आणि तोच रंग दाबायचो. माझ्याकडे बघून शेषराव, शेषरावकडे बघून पुढचा. तिसऱ्या शनिवारी तर अख्ख्या डाव्या रांगेचं उत्तर एकसारखं आलं. मॅडम म्हणाल्या, “डावीकडची शेतं जास्त हुशार दिसतात.” उजव्या रांगेचे म्होरके खुशालराव. त्यांचा मोबाइल गावात सर्वांत मोठा, कानाला अकोल्याचा जावई लावलेला असायचा, जावई तिकडून उत्तर सांगायचा. पण जावयाचा आवाज येईपर्यंत वीस सेकंद संपत यायचे. खुशालरावांना पाचही वेळा दुसरा-तिसरा नंबर, आणि ते त्यांना खुपत होतं.

सहाव्या शनिवारच्या आदल्या दिवशीची गोष्ट. पावसाने चार दिवसांची उघाड दिली होती. ऊन असं की मानेवरून घाम थेट कमरेत उतरत होता, आणि खाली काळी माती अजून ओली, पायाला किलो-किलोने चिकटत होती. पऱ्हाटी कमरेला लागली होती, फुलं धरली होती. मी धुऱ्याच्या अलीकडे युरिया टाकत होतो, पलीकडे वहिनी दोन बायांबरोबर निंदत होती. काका धुऱ्यावर बसून विळ्याने काडी तासत होते. वहिनी एक फूल हातात घेऊन त्यांच्याकडे आली.

“मामाजी, हे पाहा ना. हे उमलूनच नाई राह्यलं.”

“उमलन उद्या.”

“कालही असंच होतं. पाकळ्या एकमेकीत गुतल्या हायेत. आत अळी असते. डोमकळी म्हनतात याले, मॅडमनं चित्र दाखोलतं. नाल्याकडच्या तासाईत लय हायेत.”

काकांनी फूल हातातही घेतलं नाही. “आपल्या वावरात?” ते म्हणाले. “येवढी डवरणी, येवढं निंदन, अन् आपल्या वावरात बोंडअळी? पाच शनवार पयला नंबर हाय आपला.”

अळीने जणू आधी भिंतीवरची यादी वाचून मगच वावर निवडायला हवं होतं.

वहिनीने फूल पदराच्या टोकात बांधलं आणि ती परत आपल्या तासाला, म्हणजे ओळीला, लागली. रात्रीचं जेवण व्हायच्या आधी भिंतीपलीकडे माणिककाकूचा आवाज आला. काकू सुनेवर कधी ओरडत नाही, समजावते, आणि ते ऐकायला जास्त जड जातं. “हे पाह्य, घरात बोलली ते बोलली, बाहेर नको काढू. लोक म्हनतीन, यायच्याच वावरातून आली अळी. जलमभर नाव राह्यते मंग.”

“अन् नाई सांगतलं तं आत्याबाई, पुढच्या महिन्यात बोंडं फुटतीन अन् कवडी निंघन सारी,” वहिनी म्हणाली. किडक्या, पिवळ्या कापसाला आमच्याकडे कवडी म्हणतात. त्याला कोणी विचारत नाही.

पलीकडे ताटं मांडल्याचा आवाज आला. माझ्या वावरात तर मी तीन दिवसांपूर्वीच सहा डोमकळ्या पाहिल्या होत्या आणि कोणाला सांगितलं नव्हतं.

शनिवारी प्रश्नमंजुषा नेहमीसारखी झाली. दहा प्रश्न, दहाही बरोबर, वामनराव पहिले. सहावा शनिवार. खोलीत टाळ्या, शिट्ट्या. काकांनी उठून चक्क हात जोडले. मॅडम हसल्या आणि म्हणाल्या, “आता एक शेवटचं. हा प्रश्न नाही हं, हा कौल आहे. याला मार्क नाहीत. कोणी काय दाबलं, तेही दिसणार नाही. फक्त खरं दाबायचं.”

भिंतीवर आलं : ‘तुमच्या शेतात डोमकळी दिसली का?’ हिरवा हो, लाल नाही.

आता आमची चूक कुठे झाली ते सांगतो. पाच-सहा शनिवार आम्हाला एकच वळण लागलं होतं. भिंतीवर काही आलं म्हणजे त्याचं एक उत्तर बरोबर असतं आणि बाकीची चूक असतात. मॅडम काय म्हणाल्या ते अर्ध्यांनी ऐकलंच नाही, कारण टाळ्या चालू होत्या, आणि ज्यांनी ऐकलं त्यांनाही ते खरं वाटलं नाही. तेच संगीत वाजायला लागलं होतं. डोक्यात एकच की बरोबर उत्तर कोणतं असेल. चांगल्या शेतकऱ्याच्या वावरात अळी असते का? नसते. मग ‘नाही’. लवकर दाबा, लवकरला मार्क जास्त. मी तर काकांच्या मोबाइलकडे बघायलाही थांबलो नाही, आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या अकलेने दाबलं.

काका तेव्हा मागे वळून शेषरावांशी बोलत होते.

संगीत थांबलं. लाल दांडा चढला तो छतालाच भिडला. चाळीस. आणि त्याच्या शेजारी हिरव्याचा एक बोटभर तुकडा. एक.

खोलीत जो हशा झाला तो मला अजून ऐकू येतो. खुशालराव बाकावर थापा मारत होते. “अबे, कोन हाय थो? सोपा प्रश्न व्हता बे. कोनाचं चुकलं?”

“येवढं शिकवूनही चुकते मानूस,” काका म्हणाले आणि सगळ्यांत मोठ्याने हसले. “मॅडम, त्याचं नाव काढा अन् त्याले पयलीत बसवा.”

मॅडम हसत नव्हत्या. “याला बरोबर-चूक नाही हो काका,” त्या म्हणाल्या. “मी आत्ताच सांगितलं ना, मार्क नाहीत.”

“मार्क नाईत तं मंग दाबाले काहून लावता?” खुशालराव म्हणाले.

मग मॅडमनी लॅपटॉप अर्धा मिटला आणि सांगितलं. अळीचे पतंग पकडायचे सापळे तालुक्याला आले आहेत, थोडेच आहेत. ज्या गावच्या कौलात निम्म्याहून जास्त वावरांत अळी दिसेल त्या गावाला एकराच्या हिशेबाने सगळे सापळे फुकट मिळणार. आकडा आज पाच वाजेपर्यंत पाठवायचा. “चाळीस नाही आणि एक हो, असा आकडा मी पाठवला तर तुमच्या गावाला एकही येणार नाही. आणि एकट्या-दुकट्याने विकत घेऊन लावला तर शेजारचे पतंग येतच राहतात. सगळ्यांनी एकाच आठवड्यात लावायला पाहिजेत. मला खरं सांगा. खरंच कोणाकडे नाही?”

जो तो भिंतीकडे बघत होता. हात वर करावा असं वाटलं आणि वाटूनही हात मांडीवरच राहिला. खुशालराव म्हणाले, “आमच्या गावात नाई मॅडम. त्या एकाचं बोट चुकलं असन.”

तेव्हा वहिनी हळूच म्हणाली, “मामाजी, थो आपला हाय.”

काकांचं हसू अजून चेहऱ्यावर होतं. ते तसंच राहिलं आणि डोळे मात्र बदलले. “काय?”

“थो ‘हो’. आपल्या मोबाइलवरून दाबला मी.”

ती एवढ्या हळू बोलली होती, पण खोलीत चिडीचूप होतं, शेवटच्या बाकापर्यंत गेलं. खुशालरावांनी तर पुन्हा एकदा मोठ्याने म्हणून घेतलं, म्हणजे कोणाचं ऐकायचं राहायला नको. “वामनरावचं चुकलं. पयल्या नंबरचं चुकलं.”

काका उठले. उठताना गुडघा बाकाला आपटला, तरी त्यांनी तो चोळला नाही. “तुनं,” ते वहिनीला म्हणाले, “सहा शनवारचं एका दाबण्यात घालोलं.”

मला वाटलं, आता वहिनी रडणार. ती उभी राहिली. पदर डोक्यावरून खांद्यावर आला होता, तो तिने सारखा केला, पण आवाज सारखा केला नाही. “घालोलं नाई मामाजी. आपल्या वावरात हाय. काल दाखोलं तुमाले, तुमी हातात नाई घेतलं.” पदराच्या टोकाची गाठ सोडून तिने ते कालचं कोमेजलेलं फूल काकांसमोर बाकावर ठेवलं. “अन् मॅडम, एका फुलावर इश्वास नसन कोनाचा तं वावर दूर नाई. चला. शंभर फुलं मोजून देतो.”

शंभर फुलं मोजायची, त्यात दहा डोमकळ्या निघाल्या की धोका समजायचा, हे तिसऱ्या शनिवारी शिकवलेलं. त्या प्रश्नाचं उत्तर सगळ्या डाव्या रांगेने बरोबर दिलं होतं.

मॅडमनी घड्याळ पाहिलं. पावणेतीन. “कौल पाचपर्यंत चालू ठेवते,” त्या म्हणाल्या. “आधी दाबलेलं बदलताही येईल. चला ताई.”

सगळा वर्ग उठला. मला मान्य करायलाच हवं, आम्ही काही शिकायला निघालो नव्हतो, तमाशा बघायला निघालो होतो. नाल्याच्या पांदणीने बेचाळीस माणसं, पुढे वहिनी, मागे काका, त्यांच्या मागे आम्ही. उन्हाने डोकी तापलेली, अंगाला घामट वास. पांदणीच्या चिखलात मॅडमची एक चप्पल अडकून बसली. त्यांनी दुसरीही काढली, दोन्ही हातात घेतल्या आणि चालू लागल्या. खुशालराव वाटभर बोलत होते. काकांची ती मान मी मागून बघत होतो. तासाभरापूर्वी किती ताठ होती.

वावरात वहिनी नाल्याकडच्या तासात शिरली आणि मोजू लागली. एक फूल उघडं, दोन उघडं, तिसरं मिटलेलं. मिटलेलं तोडून ती मागे मॅडमच्या हातात द्यायची. पऱ्हाटीची पानं तिच्या हातांना घासत होती, पाय ढोपरापर्यंत काळे. वीस फुलांत तीन. चाळीसात सात. आता मागची कुजबुज थांबली होती. साठात अकरा. कोणीतरी तिच्याबरोबर मोठ्याने आकडा म्हणायला लागलं, मग दुसरा, मग आम्ही सगळेच. बहात्तर, त्र्याहत्तर. शंभर म्हणेपर्यंत मॅडमच्या ओंजळीत सतरा डोमकळ्या होत्या.

काकांनी त्यातली एक उचलली. अंगठ्याच्या नखाने पाकळ्या सोडवल्या. आत पांढुरकी, काळ्या डोक्याची बारीक अळी होती; गुलाबी बोंडअळीच, रंग अजून यायचा होता. उजेड लागताच ती वळवळली. ती हातात धरूनच काका धुऱ्यावर खाली बसले.

“पाह्य मॅडम,” खुशालराव म्हणाले, “वामनरावच्या वावरात हाय म्हना ना मंग. आमच्याकडं काई नाई. वामनरावनं दोन-चार सापळे लावून घ्यावे.”

हे ऐकलं आणि काका असे उठले की मी दोन पावलं मागे झालो. मला वाटलं, आता खुशालरावांच्या गचांडीला हात घालतात. पण ते धुरा ओलांडून सरळ माझ्या वावरात घुसले. पहिल्याच तासात वाकले, तिसऱ्या झाडावरचं फूल खुडलं, फोडलं आणि माझ्या नाकासमोर धरलं.

“गोपाल, हे काय हाय बे?”

“डोमकळी,” मी म्हणालो.

“आज पाह्यली का आंदी पाह्यली व्हती?”

सगळे माझ्याकडे बघत होते. वहिनीही बघत होती. खोटं बोलायला मला खरं तर चांगलं जमतं, पण तिच्या पायांवरचा तो चिखल बघून नाही जमलं. “चार दिवस झाले काका,” मी म्हणालो. “सहा दिसल्या व्हत्या. मले वाटलं, ‘नाई’ बरोबर असन.”

माझी मला इतकी लाज वाटली की मान वर होईना. तशीच खाली मान घालून मी मोबाइल काढला आणि हिरवा रंग दाबला. मॅडमच्या मोबाइलवर आकडा बदलला. त्यांनी तो वर धरून सगळ्यांना दाखवला. एकोणचाळीस नाही, दोन हो.

आणि मग गंमत सुरू झाली. शेषराव हळूच म्हणाले, “मी जरा माह्या वावरातून येतो.” ते निघाले तसे आणखी दोघे निघाले. मग चौघे. कोणी कोणाकडे बघत नव्हतं, जो तो आपल्या वावराचा रस्ता धरत होता. पाच मिनिटांत वावरात आम्ही सहाच जण उरलो. लांब लांब पऱ्हाटीत माणसं वाकलेली दिसत होती, फक्त पाठी आणि टोप्या. ज्यांची वावरं गावाच्या त्या अंगाला होती ते पळत गेले. शेषराव पळताना मी जन्मात पहिल्यांदा पाहिले.

साडेतीनला आकडा तीन झाला.

“कोन असन?” काकांनी विचारलं.

“नाव दिसत नाही काका,” मॅडम म्हणाल्या.

“बरं हाय,” काका म्हणाले.

चार. मग एकदम सात. वहिनी मॅडमच्या खांद्याशी उभी राहून आकडा वाचत होती, आधी हळू, मग तिचा आवाज चढत गेला. नऊ. अकरा. नाल्याच्या पलीकडून कोणीतरी ओरडून विचारलं, “किती झाले?” आणि वहिनी, जी सासऱ्यासमोर कधी खाकरली नव्हती, तिने दोन्ही हात तोंडाशी धरून हाळी दिली, “पंधरा!” पलीकडून त्या माणसाने आकडा पुढच्या वावरात पोचवला, तिथून तो आणखी पुढे गेला. सगळ्या शिवारात आकडा फिरायला लागला. मतमोजणीच्या दिवशी तहसीलबाहेर मी उभा राहिलेलो आहे, पण तिथेही अशी मजा नव्हती, कारण इथे हरणारं कोणी नव्हतं.

सव्वाचारला तेवीस झाले आणि तिथेच अडलं. दहा मिनिटं गेली, हलेना. माणिककाकू शाळेतली बातमी ऐकून घाबरीघुबरी होऊन आली होती. तिला वाटलं होतं वावरात भांडण लागलंय. “काय झालं वं?” तिने विचारलं. वहिनी म्हणाली, “तेवीस घरं आपल्यासारखीच निंघाली आत्याबाई.” काकूला ते समजायला थोडा वेळ लागला. मग ती धुऱ्यावर बसली आणि तोंडाला पदर लावून हसायला लागली, हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

मॅडम म्हणाल्या, “अर्ध्याच्या वर पाहिजेत. तेवीस म्हणजे झाले अर्ध्याच्या वर. पण जास्त असले तर आपलं गाव यादीत वर येईल.”

“पाच वाजू द्या पूरे,” काका म्हणाले. “आमच्या लोकायले खरं बोलाले टाइम लागते.”

साडेचारनंतर पुन्हा आकडा हलला. सव्वीस, तीस, तेहेतीस. पाचला पाच मिनिटं कमी असताना खुशालराव परत आले. धोतर चिखलाने भरलेलं, धाप लागलेली. मोठा मोबाइल हातात. आमच्याजवळ न येता दहा पावलांवर उभे राहिले.

“मॅडम,” ते म्हणाले, “माहा मोबाइल मोठा हाय ना, त्यात ते लाल-हिरवं जवळजवळ येते. मंगाशी चुकून लाल दाबल्या गेलं माह्याकडून.”

“हो, होतं असं,” मॅडम गंभीर चेहऱ्याने म्हणाल्या.

“किती निंघाल्या?” काकांनी विचारलं.

खुशालरावांनी नाल्याकडे बघितलं. “बावीस,” ते म्हणाले. “शंभरात बावीस निंघाल्या वामनराव.”

“माह्याहून पाच जास्त,” काका म्हणाले. “घ्या, आज तुमी पयले.”

खुशालराव आधी चमकले, मग एकाएकी असे हसले की मला ते अनेक वर्षांत पहिल्यांदाच आवडले. त्यांनी दाबलं. चौतीस.

पाच वाजता मॅडमनी आकडा पाठवला, एक्केचाळीसांत चौतीस. तोवर बाकीचेही एकेक करून काकांच्या वावरात परत आले. वीस मिनिटांनी उत्तर आलं. मॅडमनी ते दोनदा वाचलं आणि मग मोठ्याने वाचलं. सोमवारी गाडी येणार, सगळ्या गावाला पुरतील एवढे सापळे. शेषरावांनी टोपी उडवली, ती पऱ्हाटीत पडली आणि मग सापडेना. वहिनी नुसती उभी होती. तिच्या चेहऱ्यावरचा आनंद मला नीट सांगता येणार नाही. मुलगा झाला त्या दिवशीही ती अशी दिसली नव्हती, एवढंच सांगतो.

“सोमवारपर्यंत बसून राहू नका,” मॅडम म्हणाल्या. “दिसेल ती डोमकळी तोडा, अळीसकट मारून टाका. आजच सुरू केलं तर उत्तम. अजून तासभर उजेड आहे.”

आमच्याकडे पऱ्हाटीत तोडायचं काम, मग ते बोंड असो की कापूस, बायकांचं. पुरुष डवरा धरतात, फवारा मारतात, कापूस तोलतात. कमरेला तोडलेलं ठेवायची ओटी बांधून तासात वाकलेला पुरुष आमच्या गावात दिसला तर पोरंसुद्धा चिडवतात. त्यामुळे मॅडम असं म्हणाल्या तेव्हा सगळ्यांनी सवयीने आपापल्या घराच्या दिशेने पाहिलं, बायांना निरोप कोण देतो म्हणून.

काकांनी खांद्यावरचा दुपट्टा काढला. तो मधोमध दुमडला, दोन टोकं कमरेमागे नेली. गाठ त्यांना बसेना, तेव्हा काकूने उठून मागून ती बांधून दिली. पुढे ओटी झाली. सगळ्या गावासमोर, खुशालरावांसमोर, काका ती ओटी पोटाशी सारखी करत वहिनीजवळ गेले.

“कोन्त्या तासापासून धराचं,” ते म्हणाले, “सांग.”

वहिनीने हात केला. “नाल्याकडून, मामाजी. तुमी हा तास घ्या, मी याच्या बाजूचा घेतो. वरची फुलं पाहा, खालची मी मंग पाह्यतो.”

“बरं,” काका म्हणाले, आणि पऱ्हाटीत वाकले.